साठ मुलं मिळवताना

१ सप्टेंबर २०२३ ला सकाळी माझ्या यादीत तेहतीस नावं होती. हवी होती साठ.

मी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या दक्षिणेकडच्या एका कम्युनिटी कॉलेजात ‘अपवर्ड बाउंड’चं काम बघते. गरीब घरातली, आईवडील पदवीधर नसलेली हायस्कूलची मुलं कॉलेजपर्यंत पोचावीत म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा हा कार्यक्रम आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतल्या १९६४ च्या कायद्यातून तो जन्मला. दुसऱ्या वर्षी ‘टॅलेंट सर्च’ आला, १९६८ मध्ये कॉलेजात पोचलेल्यांसाठी तिसरा आला आणि तिघांना मिळून ‘ट्रिओ’ म्हणायला लागले. आता त्यात तीनाहून जास्त कार्यक्रम आहेत, नाव मात्र तेच राहिलं. आमच्याकडे मुलांना शनिवारच्या शिकवण्या मिळतात, कॉलेजं बघायला नेतो, आर्थिक मदतीचा फाफ्साचा अर्ज भरून घेतो आणि उन्हाळ्यात सहा आठवडे वर्ग असतात. सगळं फुकट. वर भत्ता देता येतो, शाळा चालू असताना महिन्याला ४० डॉलरपर्यंत आणि उन्हाळ्यात ६०.

एवढं असून मुलं का मिळत नाहीत, असं तासगावहून माझ्या भावाने फोनवर विचारलं. मलाही तेव्हा उत्तर माहीत नव्हतं.

आकड्याची भीती का वाटते ते सांगते. साठ मुलांसाठी मंजूर झालेला हा निधी पाच वर्षांचा असतो, मग पुन्हा अर्ज. जुन्या कामाचे त्या अर्जात १५ पर्यंत गुण मिळतात. त्यातले तीन नुसत्या संख्येचे, आणि ते साठ पुरे झाले तरच. नव्वद टक्क्यांच्या खाली, म्हणजे आमच्या बाबतीत चोपन्नच्या खाली गेलो, तर पंधराच्या पंधरा जायची वेळ येते. मग कार्यक्रम दुसऱ्या कुणाला जातो किंवा त्या गावातून उठतोच.

शिवाय कुठलीही साठ मुलं चालत नाहीत. दोन तृतीयांश मुलांना दोन्ही अटी लागू हव्यात: घरचं उत्पन्न कमी, आणि ज्या आईवडिलांजवळ मूल राहतं त्यांच्यापैकी कुणीही पदवीधर नाही. उरलेल्या एक तृतीयांशात एकच अट असली तरी चालते. माझ्या तेहतिसात दोन्ही अटींची एकवीस होती. म्हणजे नव्या सत्तावीसपैकी निदान एकोणीस तरी तशीच हवी होती.

पहिला महिना मी चुकीच्या दारात घालवला. शाळांमध्ये गेले, रंगीत पत्रकं वाटली, समुपदेशकांकडे नावं मागितली. त्या बिचाऱ्यांकडे शेकडो मुलं असतात. त्यांनी चटकन आठवली ती नावं दिली, आणि चटकन आठवतात ती हुशार, हात वर करणारी मुलं. चौदा अर्ज आले, त्यात दोन्ही अटींत बसणारी फक्त चार. इथे सेल्मा, फाउलर भागात पंजाबी कुटुंबं बरीच आहेत. एका मुलीचे वडील रात्रंदिवस ट्रक चालवतात, घरात चणचण आहे, पण त्यांनी पंजाबात बी.ए. केलेलं. पदवी कुठल्या देशातली हे नियम विचारत नाही. तिला घेतली ती एक तृतीयांशातून, आणि त्या जागा मोजक्याच होत्या. पुढच्या वेळी मी शिक्षकांना वेगळा प्रश्न विचारला: ‘सी’ ग्रेड मिळवणारं, पण गैरहजर न राहणारं मूल कोण आहे? एका गणिताच्या शिक्षिकेने त्याच दुपारी सात नावं लिहून दिली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सहाला पालकसभा ठेवली. खुर्च्या ऐंशी होत्या आणि माणसं आली सहा. दुसऱ्या दिवशी गाडीने शाळेकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागेच्या ओळींमध्ये कागदाचे तक्ते पसरलेले दिसले आणि माझी मलाच लाज वाटली. बेदाण्याचा हंगाम! मी तासगावची. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाणा शेडवर असला की घरात लग्नसुद्धा काढत नाहीत. इथे शेड नसते, घड बुडवायचं डिपिंग ऑइल नसतं. थॉमसन जातीच्या द्राक्षांचे घड जमिनीवर कागदावर टाकतात आणि उन्हात वाळवतात, पावसाच्या आत उचलायची घाई असते. आमची ‘तास-ए-गणेश’ याच थॉमसनमधून निघालेली जात. ज्या मुलांच्या आया पहाटे चारला बागेत जातात त्यांना मी सहाला खुर्चीवर बसायला बोलावत होते.

मग सभा बंद केल्या. रविवारी स्पॅनिश प्रार्थनेनंतर चर्चच्या पटांगणात टेबल लावलं. नोव्हेंबरमध्ये संत्र्यांची पॅकिंग हाऊसं सुरू झाल्यावर दोन पाळ्यांच्या मध्ये दारात उभी राहिले. माझ्या सहकाऱ्याला मिश्तेक भाषा येते. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातून आलेल्या कित्येक घरांत स्पॅनिश ही दुसरी भाषा आहे, हे आमच्या द्विभाषिक पत्रकाला ठाऊकच नव्हतं. तो बोलायला लागला की बायका जवळ सरकायच्या.

अशाच एका आईने मला घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. म्हणाली, ‘आम्ही अर्ज नाही भरत, आम्ही दोघं कमावतो, आम्ही अटीत बसणार नाही.’ दोघांचं मिळून वर्षाला ६२,००० डॉलर. चार माणसांच्या कुटुंबासाठी त्या वर्षीची मर्यादा होती ४५,०००, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या दीडपट. आमच्या पत्रकावर तो आकडा ठळक छापलेला. पण तो पगाराचा आकडा नाही, करपात्र उत्पन्नाचा आहे. २०२२ च्या करात नवरा-बायकोला मिळून २५,९०० डॉलरची ठरावीक वजावट होती. मी तिचा कराचा १०४० फॉर्म मागितला, पंधराव्या ओळीवर बोट ठेवलं: ३६,१०० डॉलर. ती ओळ तिने दोनदा वाचली. मग शेजारणीला फोन लावला आणि मला सांगितलं, ‘तिच्याकडेही जाऊन या.’

आमचंच पत्रक लोकांना दारातून परत पाठवत होतं. पात्र माणसं आपणहून स्वतःला अपात्र ठरवत होती. मी तो आकडा काढून टाकला आणि त्या जागी पंधराव्या ओळीचं चित्र टाकलं, बाणासकट. वर्षभरात केलेल्या सगळ्या कामांत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

दुसरी अडचण कागदांची. आमच्या अर्जाला कराच्या फॉर्मची प्रत जोडा असं लिहिलं होतं. कुणी लिहिलं, कधी, कुणास ठाऊक, वर्षानुवर्षं चाललं होतं. ज्या घरात वडिलांकडे इथे राहायचे कागद नाहीत, तिथे ‘केंद्र सरकार’ आणि ‘कराची प्रत’ हे शब्द एकत्र दिसले की अर्ज केराच्या टोपलीत. मी नियमावली काढून ओळ न् ओळ वाचली. कराची प्रत हा एक पर्याय आहे. आई किंवा वडिलांनी सही करून दिलेलं उत्पन्नाचं निवेदन हाही तितकाच चालणारा पर्याय आहे. आणि नागरिकत्वाचा प्रश्न मुलापुरता आहे, आईवडिलांना तो विचारायचा नाही. कॉलेजच्या अनुदान विभागाशी बोलून अर्ज चार पानांचा दोन पानांचा केला.

हे करताना मला माझे वडील आठवत होते. माझ्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तलाठ्याकडे तीन हेलपाटे, तहसीलला दोन, आणि प्रत्येक खेप म्हणजे एक रोज बुडाला. चौथ्यांदा ते म्हणाले, राहू दे, फी भरू. ती फी त्यांनी कशी भरली ते मला फार नंतर कळलं. पुढ्यातला माणूस अर्ज अर्धवट टाकून उठतो तेव्हा त्याला शिक्षणाची किंमत नाही असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही.

एका मुलीला मात्र मला नाही म्हणावं लागलं. दहावीतली, दोन्ही अटींत बसणारी, गणिताच्या त्या शिक्षिकेच्या यादीत पहिली. चार वर्षांची असताना तिला इकडे आणलेलं. ना नागरिकत्व, ना ग्रीन कार्ड, ना त्या वाटेवरचा कुठला कागद. हा पैसा तिच्यावर खर्च करता येत नाही. मी तिला कॅलिफोर्नियाचे स्वतःचे कायदे समजावले, स्थानिक दराने फी, राज्याची मदत, आणि आमच्याच कॉलेजातल्या, केंद्र सरकारच्या पैशावर न चालणाऱ्या मदतकक्षातल्या बाईंशी गाठ घालून दिली. तिने सगळं वहीत लिहून घेतलं, ‘थँक यू, मिस’ म्हणाली. दार लागल्यावर मी बराच वेळ पुढचा अर्ज उघडला नाही.

मुलगे मिळवणं वेगळं. मुलींचे अर्ज आया आणतात, मुलगे शनिवारी कामाला जातात किंवा फुटबॉलला. तिथे पत्रकं, भाषणं काही चालत नाही. आमच्या कार्यक्रमातल्या अकरावी-बारावीच्या चार मुलग्यांना मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शाळांत पाठवलं. त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. सहा अर्ज आले.

फेब्रुवारीअखेर यादी त्रेपन्नवर होती. चोपन्नला एक कमी. आणि नुसतं नाव घातलं म्हणजे मूल मोजलं जात नाही: शाळेच्या वर्षात घेतलेलं मूल निदान साठ दिवस टिकावं लागतं. पण उन्हाळ्यातच प्रवेश घेतला तर दहा दिवस पुरतात. म्हणून मार्चपासून मी आठवी संपवणाऱ्या मुलांच्या घरी गेले, या वेळी थेट स्वयंपाकघरात, पंधराव्या ओळीचं चित्र घेऊन.

१० जून २०२४ ला सोमवारी दहा नवी मुलं आली. दोघं पहिल्याच आठवड्यात गेली, एकाला धाकट्या भावंडांना सांभाळायचं होतं. १९ जूनला जुनटींथची सुट्टी, त्यामुळे दहावा दिवस पडला २४ तारखेला. त्या सकाळी मी हजेरीचा कागद घेऊन बसथांब्यावर उभी होते. आठही उतरली. एकसष्ट झाली, त्यात दोन्ही अटींची एक्केचाळीस.

त्या स्वयंपाकघरातल्या आईचा मुलगा शेवटून दुसरा उतरला. त्याच्या मागे तिची शेजारीण, स्वतःच्या मुलीला सोडायला आलेली. मला म्हणाली, ‘आमच्या गल्लीत आणखी एक घर आहे.’ मी पत्ता लिहून घेतला. त्या वर्षी आमची एकोणीस मुलं बारावी झाली होती, म्हणजे तेवढ्या जागा पुन्हा रिकाम्या.