चौथी पट्टी पूर्ण: केप ऑफ गुड होपपासून मोझांबिक बेटापर्यंत

चौथी पट्टी काल रात्री संपली. शेवटचं नाव लिहून शाई वाळेपर्यंत कागद जमिनीवर तसाच पसरून ठेवला होता. जोड धरून ही पट्टी पावणेदोन मीटर झाली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आफ्रिकेचा किनारा सरळ उलगडून मी कागदाच्या लांब पट्ट्यांवर काढतोय आणि पोर्तुगीज खलाशांनी ठेवलेली नावं जागच्या जागी भरतोय. आजही चालणारं नाव लाल शाईत, बुजलेलं निळ्या शाईत आणि तिथल्या माणसांचं मूळ नाव मिळालं तर खाली पेन्सिलीने. सुरुवात वायव्य आफ्रिकेतल्या बोजादोरच्या भूशिरापासून केली होती. १४३४ मध्ये जिल इयानिश ते ओलांडून पुढे गेला, तिथून.

समोर कान्तिनो नावाच्या, १५०२ च्या पोर्तुगीज जगनकाशाची मोठी करून घेतलेली प्रत असते. त्यावर किनाऱ्यावरची नावं समुद्रात नाहीत, जमिनीच्या बाजूला, किनाऱ्याला काटकोनात लिहिलेली आहेत. किनारा वळला की नावंही वळतात, त्यामुळे प्रत सतत फिरवत बसावं लागतं. अक्षरावरची अनुनासिकाची बारीक रेघ छपाईत धुळीच्या कणासारखी दिसते. घड्याळजी वापरतात तसं भिंग घेतल्यापासून ती नीट दिसायला लागली आणि दोन नावं नव्याने लावता आली.

या पट्टीने मला सर्वांत मोठी गोष्ट दाखवली ती म्हणजे पंचांग: ज्या दिवशी जागा गाठली, त्या दिवसाच्या ख्रिस्ती सणाचं किंवा संताचं नाव तिला. मागच्या पट्टीत सांव तोमे (संत थॉमसचा सण तेव्हा २१ डिसेंबरला असे) आणि आनो बों, म्हणजे नववर्ष, ही बेटं आली होती, पण तेव्हा तो धागा हाताला लागला नव्हता. इथे तो लख्ख दिसतो. ३ फेब्रुवारी १४८८ ला पोर्तुगीज खलाशी बार्तोलोमेउ दियाश दक्षिण आफ्रिकेच्या एका उपसागरात शिरला. तो संत ब्लेझचा दिवस, म्हणून नाव सांव ब्राश. १२ मार्चला, संत ग्रेगरीच्या दिवशी, त्याने त्याच किनाऱ्यावर पुढे क्वाइहूकला दगडी स्तंभ उभारला, तो सांव ग्रेगोरियोचा. हा स्तंभ फुटून वाळूत गेला होता. १९३८ मध्ये इतिहासकार एरिक ॲक्सेलसन यांनी त्याचे तुकडे शोधून काढले. नावात तारीख असेल तर जहाज त्या दिवशी कुठे होतं हे नकाशाच सांगतो, आणि मला या छंदात सगळ्यात जास्त आनंद याचाच होतो.

मग नाताळ. १४९७ च्या २५ डिसेंबरला वास्को द गामाची जहाजं ज्या किनाऱ्यावरून चालली होती त्याला त्यांनी ‘नाताल’ म्हटलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या नावातला नाताल तो हाच, आणि आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शब्दही त्याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला. ते नाव लाल शाईने लिहिताना हात जरा थांबलाच. घरातला शब्द इतक्या लांबच्या किनाऱ्यावर भेटला.

आता एक दुरुस्ती. मागे मी इथेच लिहिलं होतं की आल्गोआ बे म्हणजे ‘गोव्याकडे’ आणि डेलागोआ बे म्हणजे ‘गोव्याहून’, जाताना एक थांबा आणि येताना दुसरा. दक्षिण आफ्रिकेत ही गोष्ट सर्रास सांगतात, आणि गोव्याचं नाव आलं म्हणून मीही ती लगेच उचलली. ती चूक आहे. दोन्हीकडे मूळ शब्द ‘बाइया दा लागोआ’, तळ्याचा उपसागर. लागोआ म्हणजे तळं किंवा खाडीतलं साचलेलं पाणी. शिवाय ‘गोव्याहून’ला पोर्तुगीजमध्ये ‘दे गोआ’ म्हणतील, मधला ‘ला’ येईलच कुठून? पहिला उपसागर म्हणजे आजच्या खेबेऱ्हाचा (२०२१ पर्यंतचं पोर्ट एलिझाबेथ), दुसरा मोझांबिकची राजधानी मापुतोचा. ज्यांनी माझं वाचून वहीत लिहून घेतलं असेल त्यांनी कृपया खोडावं.

केप आगुल्याश, म्हणजे आफ्रिकेचं दक्षिण टोक, लाल. आगुल्या म्हणजे सुई. १५०० च्या सुमारास तिथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडेच राहायची, म्हणून हे नाव. आज ती बरीच पश्चिमेकडे झुकते.

सांव ब्राशपाशी मात्र मी दोन संध्याकाळ अडकलो. डचांनी त्या उपसागराला मॉसेल बे केलं, म्हणून निळा. पण शेजारच्या भूशिराला अजून केप सेंट ब्लेझ म्हणतात, म्हणून लाल. शेवटी दोन्ही रंग वापरले. त्याच भागाचं दुसरं पोर्तुगीज नाव गुराख्यांचा उपसागर. किनाऱ्यावर तिथले मूळ रहिवासी खोईखोई लोक गुरं चारत होते. दियाशची माणसं पाणी भरायला गेली तेव्हा त्यांनी दगड मारले आणि दियाशने धनुष्याच्या बाणाने त्यांच्यातला एक मारला. पाणी त्यांचं, झरा त्यांचा, आणि नकाशावर नाव संत ब्लेझचं. पेन्सिलीची ओळ तिथे रिकामी आहे, आणि ती मी पुसून सपाट करणार नाही.

पाचव्या पट्टीचे कागद कापून ठेवलेत: मोझांबिक बेट ते मोंबासा. हा भाग आपल्याला जवळचा आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, आणि मोंबासाचा फोर्ट जीझस (बांधकाम १५९३ पासून) आखणारा कैराती हा पोर्तुगीज भारताचाच मुख्य स्थापत्यकार होता. पण कच्ची यादी काढताना दिसलं की इथे संतांची नावं एकदम विरळ होतात. किल्वा, मोंबासा. ही बंदरं गुजरात आणि अरबस्तानच्या व्यापाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. ज्या जागेचं नाव विचारायला समोर माणूस होता आणि त्याच्याकडून वाटाड्याही हवा होता, तिथे पोर्तुगीजांनी विचारलेलंच नाव लिहिलं. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.