३.३ आणि ५ व्होल्ट एकाच बोर्डावर : प्रगती

कंट्रोलर (बोर्डाची मुख्य चिप) ३.३ व्होल्टचा, बाकीचे बहुतेक भाग ५ व्होल्टचे. त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्याला कळेल आणि त्रास देणार नाही, हे प्रत्येक जोडणीत बघावं लागतं. आय२सी (दोन तारांवरून चिपांमध्ये डेटा नेण्याची पद्धत) सोडून सगळ्या जोडण्या आता पक्क्या झाल्या आहेत.

डब्ल्यूएस२८१२ एलईडी पट्टीला 'हाय' (सिग्नलचा १) म्हणून पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ३.३ वर ती पुष्कळदा चालते, पण डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) त्याची हमी देत नाही. म्हणून मध्ये ५ व्होल्टवर चालणारी ७४एएचसीटी१२५ ही बफर चिप (सिग्नल तसाच पुढे देणारी) बसवली. तिचा 'हाय' २ व्होल्टपासूनच धरला जातो. इथे साधी ७४एचसी मालिकेतली चिप घेऊ नका, ५ व्होल्टवर तिलाही ३.५ च लागतात. या चिपमधल्या न वापरलेल्या बफरांचे इनपुट ग्राउंडला बांधले.

एचडी४४७८० या नियंत्रक चिपच्या एलसीडीला मध्ये काहीच लागलं नाही. तिला 'हाय' म्हणून २.२ व्होल्ट पुरतात. आर/डब्ल्यू (वाचणं की लिहिणं ठरवणारी) पिन ग्राउंडला असल्यामुळे ती डेटा लाइनवर उलट ५ व्होल्टही पाठवत नाही.

सगळ्यात जास्त विचार केला तो ५ व्होल्टच्या सिरीयल मॉड्यूलच्या टीएक्स (डेटा बाहेर पाठवणाऱ्या) लाइनवर. १.८ के आणि ३.३ के रेझिस्टरच्या डिव्हायडरने (व्होल्टेज विभागून कमी करणाऱ्या जोडीने) ५ चे सुमारे ३.२४ व्होल्ट मिळतात, आणि ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) वेगाचा प्रश्नच नाही. पण सिरीयल लाइन रिकामी असताना 'हाय' असते. कंट्रोलरचा पुरवठा बंद आणि मॉड्यूल चालू असेल, तर पिनच्या संरक्षक डायोडमधून दोनेक मिलिअँपिअर सतत ३.३ च्या रेलमध्ये (पुरवठ्याच्या तारेत) शिरतात. बंद चिप अशी अर्धवट जागी राहिलेली मला चालत नाही. म्हणून डिव्हायडर काढून ३.३ वर चालणारी ७४एलव्हीसी१जी१७ ही बफर चिप लावली. तिच्या इनपुटला ५.५ व्होल्टपर्यंत चालतात, आणि पुरवठा शून्य असतानाही ती करंट आत घेत नाही.

आय२सी दोन्ही दिशांनी चालतं, त्यामुळे तिथे बीएसएस१३८ मॉसफेट (गेट, सोर्स, ड्रेन अशा तीन पायांचा, स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर): गेट ३.३ ला, सोर्स ३.३ च्या बाजूला, ड्रेन ५ च्या बाजूला. ५ कडून लाइन खाली ओढली की आधी मॉसफेटच्या आतला डायोड सोर्सला खाली आणतो, मग मॉसफेट चालू होतो. दोन्ही बाजूंना सध्या १० के पुल-अप (लाइन 'हाय'कडे ओढणारे रेझिस्टर) आहेत. एका बाजूच्या तारांची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली, तर लाइनला 'लो'वरून 'हाय'ला चढायला साधारण ८५० नॅनोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झ वेगाला या वेळेची मर्यादा १००० नॅनोसेकंद, म्हणजे तिथे निभतं. ४०० किलोहर्ट्झला ती ३००, तिथे मुळीच नाही. आता दोन्हीकडे २.२ के लावून ऑसिलोस्कोपवर चढती कड बघणार आहे.