बेल्डमने आणलेला वैताग : माझा अनुभव

पोकेमॉन प्लॅटिनम ह्या व्हिडिओ गेममध्ये लेजेंडरी (दुर्मिळ, बलाढ्य पोकेमॉन) पकडताना मला जेवढा घाम फुटला नाही, तेवढा बेल्डम नावाच्या एका पोकेमॉनने फोडला. दिसायला लोखंडी हात, एक डोळा, आणि लेव्हल कितीही वाढली तरी एकच मूव्ह (लढाईतला डाव) येते. त्याचा कॅच रेट (पकडायला किती सोपा, त्याचा आकडा) ३. म्यूटू ह्या लेजेंडरीचाही ३च. साध्या पिजीचा २५५. हा आकडा जितका लहान तितका पोकेमॉन हट्टी, आणि ३च्या खाली कुणीच नाही.

चॅम्पियनला हरवून नॅशनल डेक्स (सगळ्या पोकेमॉनची नोंदवही) मिळाला की सँडजेम टाउनमधली ती छोटी मुलगी रोज सांगते, आज कुठल्या पोकेमॉनची झुंड कुठे आली आहे. एके दिवशी ती बेल्डम म्हणाली. रूट २२८. पोहोचायला काहीच अडचण नाही. झुंड आलेली असताना दहातल्या चारेक भेटी बेल्डमच्याच होतात, त्यामुळे शोधायलाही वेळ लागत नाही.

खरी गंमत पुढे. बेल्डमला येणारी एकुलती एक मूव्ह म्हणजे टेक डाउन. समोरच्याला जितकं लागतं त्याच्या पाव हिस्सा मारणाऱ्यालाही लागतो. म्हणजे तुम्ही जपून, हळुवारपणे फॉल्स स्वाइप (समोरच्याला कधीच पूर्ण न पाडणारी मूव्ह) मारून त्याला १ एचपीवर (जीव संपायच्या काठावर) आणता, बॉल फेकता, तो बॉल फोडून बाहेर येतो, तुमच्या पोकेमॉनला धडक मारतो आणि त्या धडकेने स्वतःच आडवा होतो. संपलं. तुम्ही काहीही केलेलं नाही. परत गवतात फिरा. हे इतक्या वेळा बघितलं की त्याची बेशुद्ध पडायची चाल मला पाठ झाली. बाकीचे पोकेमॉन पकडताना आपला पोकेमॉन टिकवायचा असतो, इथे समोरच्याला आत्महत्येपासून वाचवायचं असतं!

उपाय आहे, आणि तो सोपा आहे: समोर घोस्ट टाइपचा पोकेमॉन ठेवायचा. टेक डाउन नॉर्मल टाइपची, घोस्टला लागतच नाही. लागलीच नाही तर उलटा मारही नाही. बेल्डम बिचारा धडका मारत राहतो आणि मधूनच आरपार जातो. मी गेंगार ठेवला, कारण त्याला हिप्नोसिस ही झोपवणारी मूव्हही येते.

पण फॉल्स स्वाइप गेंगारला येत नाही. ते काम गॅलेड ह्या दुसऱ्या पोकेमॉनचं (ती मूव्ह शिकवणारी टीएम ५४, व्हेलस्टोनच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मिळते). म्हणून क्रम असा: आधी गेंगारने झोपवायचं, झोपेत असताना गॅलेड आणायचा, दोन-तीन फॉल्स स्वाइप, मग परत गेंगार. बेल्डम स्टील टाइपचा आणि स्टीलला नॉर्मल मूव्ह कमी लागते, म्हणून एका घावात काम होत नाही. मधेच तो जागा झाला आणि गॅलेडला धडकला तर वरचीच कथा. अदलाबदलीचे ते दोन-तीन टर्न मी श्वास रोखून काढायचो. शेडिंजा हा पोकेमॉन असता तर घोस्टही तोच आणि फॉल्स स्वाइपही त्याचाच, असं कुणाच्याही मनात येईल. माझ्याही आलं. पण रूट २२८वर कायम वाळूचं वादळ असतं आणि शेडिंजाचा एचपी १. पहिल्या टर्नच्या शेवटीच गार.

हे वादळ बेल्डमला लागत नाही, स्टीलच आहे तो. गेंगारला मात्र दर टर्नला एक षोडशांश लागतं. त्याला लेफ्टओव्हर्स ही वस्तू धरायला द्या, ते दर टर्नला तेवढंच परत देतात. हिशेब बरोबर शून्यावर येतो. हे जुळलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो, खोटं कशाला बोलू.

आता बॉल. चौथ्या पिढीतला हिशेब असा की समोरच्याचा एचपी पूर्ण असेल तर कॅच रेटचा तिसरा हिस्साच धरला जातो, १ एचपीवर जवळपास पूर्ण धरला जातो. झोप किंवा गोठण असेल तर त्याची दुप्पट, पॅरालिसिस, विष किंवा भाजणं असेल तर दीडपट. वर बॉलचा गुणक. जे येईल त्याला २५५ने भागा, तीच साधारण शक्यता. ठणठणीत बेल्डमवर साधा पोकेबॉल म्हणजे २५५त एकदा. १ एचपी, गाढ झोप आणि डस्क बॉल म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. डस्क बॉलचा गुणक रात्री आणि गुहेत ३.५ आहे, अल्ट्रा बॉलचा २. किंमत डस्कची १०००, अल्ट्राची १२००. तरी लोक बॅग भरून अल्ट्राच का नेतात ते मला कळलेलं नाही.

म्हणजे रात्री ८नंतर जायचं. पण तारीख बदलली की झुंडही बदलते, तेव्हा बातमी दिवसा कळली तर मिळतात ८ ते १२ एवढेच तास. दिवसा जायचंच असेल तर टायमर बॉल. दहा टर्न झाले की तो अल्ट्राच्या पुढे जातो, तिसाव्या टर्नला ४वर पोचतो.

८ टक्के ऐकायला बरे वाटतात. पण वीस बॉल टाकूनही साधारण पाचातल्या एका वेळी तो बाहेरच राहतो. शिवाय दर बॉलमागे गेम चार वेळा तपासणी करतो आणि ह्या आकड्यावर प्रत्येक तपासणी जवळपास छापा-काटाच. त्यामुळे तीनदा हलून, चौथ्याला फुटून बाहेर येणं हे पकडला जाण्याइतकंच वरचेवर घडतं. ते तीन हेलकावे म्हणजे 'आता होतंय' असा इशारा अजिबात नाही. बॉल हलताना बटण दाबून धरायचं हे सगळ्यांनी लहानपणी केलंय. त्याचा उपयोग शून्य. मी अजूनही दाबतो, ते वेगळं.

वर राहिलंच, टेक डाउनचे पीपी (ती किती वेळा मारता येते तो आकडा) २०. घोस्टवर वाया गेली तरी पीपी जातोच. वीस संपले की बेल्डम स्ट्रगल करतो, ती घोस्टलाही लागते आणि त्याचा स्वतःचा पाव एचपी खाते. म्हणून मला पॅरालिसिसपेक्षा झोप आवडते: झोपलेला पोकेमॉन पीपी खर्च करत नाही, घड्याळ थांबतं. प्लॅटिनममध्ये हिप्नोसिस ६० टक्केच लागतं, पण जागा झाला की मी आधी परत झोपवतो, मगच बॉल. विषाच्या वाटेला जाऊच नका. स्टीलला ते चढत नाही, आणि ज्यांना चढतं ते १ एचपीवर पुढच्याच टर्नला मरतात. भाजण्याचंही तेच.

शेवटी आला एकदाचा. अकरा वाजून गेले होते, डस्क बॉल संपत आले होते, आणि हा बॉल तीनदा हलला तेव्हा मी स्क्रीनकडे बघतही नव्हतो. टिक् ऐकू आलं. नेचर (स्वभाव, ज्याने ताकद कमी-जास्त होते) उघडून पाहिलं तर मॉडेस्ट. बेल्डम पुढे मेटाग्रॉस बनतो, त्याची सगळी ताकद अटॅकमध्ये आणि मॉडेस्ट नेमका तोच कमी करतो. आधी सिंक्रोनाइझ क्षमतेचा (आपलं नेचर जंगली पोकेमॉनला लावणारा) अ‍ॅडमंट पोकेमॉन पुढे ठेवला असता तर निम्म्या वेळा हवं ते नेचर मिळतं, पण मग तोच पहिला लढाईत उतरतो आणि बेल्डमची धडक पहिली त्याच्यावर.

मी पुन्हा रूट २२८ला गेलो नाही. हव्या नेचरचं पिल्लू मिळावं म्हणून बेल्डम आणि डिट्टो (बहुतेकांशी जोडी जमवणारा पोकेमॉन) दोघांना सोलेसिअनच्या डे केअरमध्ये टाकलं. एका अंड्याला दहा हजारांवर पावलं चालावं लागतं, आणि सायकलवर ते मजेत होतं.