शेवटचा आकडा

हातातला मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) ५.०१ व्होल्ट म्हणतो आणि माझी बहुतेक कामं तेवढ्यावर भागतात. तरी टेबलावर एक जुना, ठोकळ्यासारखा, साडेपाच आकडी मीटर हवा, हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. (साडेपाचातला अर्धा म्हणजे डावीकडचा तो आकडा, जो नऊपर्यंत जातच नाही; १ वर, फार तर ३ वर थांबतो.)

विकायला ठेवलेल्या जुन्या मीटरचे फोटो बघणं हा एक स्वतंत्र छंद आहे. फ्लूक ८८४०ए किंवा एचपी ३४४०१ए यांचे चमकते डिस्प्ले वापराने मंदावतात, म्हणून फोटो अंधारात काढलेला असला की मी सावध होतो. 'व्होल्टेज बरोबर दाखवतो' एवढंच लिहिलं असेल तर करंटचा फ्यूज उडालेला धरावा, किंवा त्याच्या जागी कुणीतरी तार बसवलेली. दुसरं जास्त वाईट. मेन्सच्या (म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या) फिल्टरमधले जुने कागदी कपॅसिटरही तडकलेले निघतात; प्लग लावला की धूर.

मन मात्र बसलं ते एचपी ३४७८ए वर. डिस्प्ले साधा एलसीडी, त्यामुळे मंदावायची भीती नाही. पण त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे खरे यावेत म्हणून साठवलेली दुरुस्ती, ज्या रॅममध्ये असतं, ती वीज गेली की पुसली जाणारी मेमरी ३ व्होल्टच्या एका लिथियम सेलवर तग धरून असते. सेल संपला तरी मीटर सुरू होतो, आकडेही दाखवतो. फक्त ते खरे नसतात. बदलताना आधी दुसरा सेल समांतर जोडायचा, मगच जुना काढायचा, आणि डाग देताना सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढून ठेवायचा. आयर्नच्या अर्थिंगमधून शॉर्ट झालं तर सगळं पुसलं जायचं. एका सेलसाठी एवढं सोवळं!

शेवटी तोच घेतला. तासभर तापू दिला, मग झाकण उघडून, मेन्सच्या बाजूला बोट जाऊ न देता, त्याच्याच प्रोब त्याच्याच सेलला लावल्या. २.९८७१३. शेवटचा ३ मध्येच २ होई, मध्येच ४. ३ च्या खाली, म्हणजे सेल बदलायला झालाय, हे त्याने आपल्या तोंडाने सांगितलं. आता ते खरं मानायचं की सेल उतरल्यामुळे बरळतोय म्हणायचं, म्हणून मी हातातला मीटर लावून पाहिला.

२.९९.