गाऱ्हाण्यातली एक ओळ

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी सगळे भाऊ जमले की आरत्यांचा दणका उडतो. भार सगळा घुमटावर, म्हणजे कातडं ताणलेल्या मातीच्या मडक्याच्या वाद्यावर. भाद्रपदातल्या दमट हवेत त्याचं कातडं सैल पडतं, मग चुलीच्या धगीला शेकायचं, पण हातभर लांबून. उतावळेपणा केला की ते तडकतं. पूर्वी घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं आलं आणि जुन्या वादकांची कुरकुर सुरू झाली. २०१९ मध्ये घुमटाला गोवा राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला, कुरकुर काही थांबली नाही. उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा पंजा मागच्या अरुंद तोंडावर उघड-मीट करत राहायचा. पोरांना तो डावा हात जमत नाही, म्हणून त्यांच्याकडे कासाळं, म्हणजे झांजा.

उत्तर गोव्यातल्या पेडण्याकडच्या घरांत खरी गंमत मात्र त्यानंतर, गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने घातलेल्या मागण्यात. एरवी ‘हातपाय धुवा, दिवे लागले’ याच्यापलीकडे पोरांशी न बोलणारा बाप नारळ हातात घेऊन उभा राहतो. आधी कुलदेवाला हाक, मग ग्रामदेवतेला, म्हणजे कुठे भगवती, कुठे मोरजाई, मग गावाची राखण करणाऱ्या राखणदाराला. सेवा गोड मानून घे, आजारपण दूर कर, मुंबईकरांना सुखरूप पोचव. प्रत्येक मागण्याला मागून एकमुखाने ‘व्हय म्हाराजा’.

चार-पाच मागणी झाली की पोरं तालाला लागतात, अर्थाकडे कुणाचं लक्ष नसतं. नेमकी तीच वेळ.

‘‘आनी म्हाराजा, आरती चालू आसताना जो कोण नेवऱ्यांच्या ताटाकडे बघी होतो, तेका सतराचो पाढो येंवदे!’’ (नेवऱ्या म्हणजे करंज्या.)

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळ्यात मोठा आवाज त्या नेवरीवाल्याचाच.

हे दिसतं तितकं सोपं नाही. ती ओळ सुरुवातीला टाकली तर पोरं सावध होतात, अगदी शेवटी टाकली तर ‘चुकलं-माकलं पदरात घे’ याचा विचका होतो. आवाजाची पट्टी बदलायची नाही, नेहमीपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि स्वतः हसलात तर संपलंच. एका गाऱ्हाण्याला एकच. दुसरी टाकली की आजीचे डोळे वटारतात, आणि तिचं बरोबरच असतं. नव्या जावयाचं नाव घेऊ नये. बांधाचा, वाटणीचा विषय तर चुकूनही नाही. वर्षभर न बोलणारे दोन भाऊ त्याच माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, उभे असतात.

कसलेला कर्ता एखाद्या वर्षी स्वतःलाच धरतो. ‘‘ह्या घरच्या कर्त्याचो राग उणो कर, म्हाराजा!’’

पोरं एकमेकांकडे बघत गप्प. ‘व्हय म्हाराजा’ येतं ते स्वयंपाकघरातून, खणखणीत. खतखतं, म्हणजे मिसळीची भाजी, ढवळणाऱ्या आईचं.