पेसमेकर राहू द्या, पिशवी आणा

तात्यांना पेसमेकर बसवावा लागणार, हे घरच्यांनी गाडीतच ठरवून टाकलं होतं. आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथे नाडी 34 लागली. नाडी वाढवायचं ॲट्रोपिन दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही, म्हणून 'हार्ट ब्लॉक, पेसमेकरसाठी सोलापूर' अशी चिठ्ठी देऊन पुढे धाडलं. सोलापूर आमच्या गावापासून दीड तासावर. वाटेत तात्यांनी मान टाकली तशी मुलाने गाडी सरळ आमच्या हॉस्पिटलच्या दारात आणली.

वय 68. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि यांचे हातपाय गार. बीपी 80/50. हाक मारली की 'ओ' देत, पण दोन शब्दांत डोळे मिटत. सिस्टरनी ईसीजी काढला आणि कागद माझ्या हातात दिला.

तो कागद मी जपून ठेवलाय. इंटर्न मुलं आली की दाखवते. पी लाट, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची खूण, कुठेच नाही. क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांची खूण, रुंद, पसरलेला. आणि टी लाटा उंच, अरुंद, तंबूसारख्या टोकदार. साध्या हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे हृदयातली विजेची वाट अडते तेव्हा, टी अशी दिसत नाही. रक्तातलं पोटॅशियम बेसुमार वाढलं की दिसते.

"सिस्टर, कॅल्शियम ग्लुकोनेट भरा. दहा मिली, सावकाश द्यायचं."

"मॅडम, रिपोर्ट यायचाय अजून."

"येऊ दे की. तोवर हे जाऊ दे."

कॅल्शियमने पोटॅशियम कणभरही उतरत नाही. ते फक्त हृदयाला थोडा वेळ सांभाळून धरतं, आणि तेवढ्या वेळात खरं काम उरकायचं असतं. दुसरी ॲम्प्युल जाता जाता मॉनिटरवरचा क्यूआरएस आवळत आला आणि नाडी पन्नाशीच्या वर सरकली. तात्यांनी डोळे उघडून विचारलं, "गाडी लावली का सावलीत?" मुलगा तिथेच रडायला लागला. मग साधं इन्शुलिन 10 युनिट, सोबत ग्लुकोज, साल्ब्युटामॉलची वाफ. इन्शुलिन आणि वाफेने पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकललं जातं. रिपोर्ट आला: पोटॅशियम 7.6. साडेतीन ते पाच असलं की ठीक म्हणतो आम्ही. मूत्रपिंडाचा हिशोब सांगणारं क्रिएटिनिन 3.2, तेही बरंच चढलेलं.

आता प्रश्न असा, की इतकं पोटॅशियम आलं कुठून?

"काकू, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीची आणि हार्टची."

हे उत्तर मी रोज ऐकते. काकूंच्या काखेत साड्यांच्या दुकानाची पिशवी होती. ती घेतली आणि टेबलावर पालथी घातली.

एक गठ्ठा शहरातल्या हार्टच्या डॉक्टरांचा. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, हृदयाचं पंपिंग कमी. मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेली लघवीची गोळी, रक्त पातळ करायच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक. अशा हृदयाला हेच देतात, नावं ठेवायला जागा नाही. दुसरा गठ्ठा गावातल्या डॉक्टरांचा. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकाच गोळीत. म्हणजे मेटोप्रोलॉल दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा पोटात जात होतं. पट्ट्यांचे रंग वेगळे, नावांत एक अक्षर सारखं नाही. घरच्यांना कळणार तरी कसं?

"ही गोळी कधी सुरू झाली?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील. बीपी 170 लागलं म्हणून दिली."

"त्या डॉक्टरांना फाइल दाखवली होती?"

काकूंनी तात्यांकडे पाहिलं. तात्या पडल्या पडल्या म्हणाले, "फाइल जाड आहे हो. सायकलच्या कॅरिअरला राहत नाही."

पिशवीच्या तळाशी कागदाच्या पुडीत गोळ्या होत्या. डायक्लोफिनॅक. गुडघे धरलेले, मेडिकलमधून पाच-पाच सुट्या आणायच्या, सकाळ-संध्याकाळ. किती दिवस? "उन्हाळा लागल्यापासून." इथे धागा सापडला. दुखण्याची ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी चढवते. ते 170 बहुधा हिचंच होतं. बीपी चढलं म्हणून नवी गोळी आली, आणि दुखण्याची गोळी चालूच राहिली.

पुढचं गणित सरळ आहे. पोटॅशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं, आणि तसं टाकायचा हुकूम अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक देतं. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन दोन्ही ते संप्रेरक कमी करतात, स्पायरोनोलॅक्टोन उरलंसुरलं अडवते, आणि डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच घटवते. त्यात उन्हात शेतावर घाम गाळणं. पोटॅशियम साचलं, वर नाडी मंद करणाऱ्या मेटोप्रोलॉलचा दुप्पट डोस, हृदय मंदावलं. हृदय मंदावलं की मूत्रपिंडाला रक्त आणखी कमी, मग पोटॅशियम आणखी वर. या दुष्टचक्राला अलीकडे 'ब्रॅश' असं नाव आहे. या चक्रात शिरलेल्या माणसाचं पोटॅशियम ओळखलं नाही, तर ॲट्रोपिन मारत बसायची वेळ येते.

रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन ही जोडी तर मोठ्या अभ्यासात पारखून झाली आहे. 2008 साली ऑनटार्गेटचे निकाल आले: दोन्ही एकत्र देऊन फायदा वाढला नाही, त्रास तेवढा वाढला. स्पायरोनोलॅक्टोनची गोष्ट वेगळी. 1999 च्या रेल्स अभ्यासात तिने हृदय कमजोर झालेल्यांचे जीव वाचवले, म्हणून सगळीकडे ती लिहिली जाऊ लागली. आणि कॅनडातल्या ओंटारिओत अशा वयस्क पेशंटांत पोटॅशियम वाढून दाखल होणारे 1994 मधल्या हजारी 2.4 वरून 2001 पर्यंत 11 वर गेले. गोळी तीच. अभ्यासात रक्त वेळच्या वेळी तपासत होते, बाहेर कोण तपासतो? तात्यांचं पोटॅशियम अँजिओप्लास्टीनंतर एकदाही पाहिलेलं नव्हतं.

शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी म्हणाले, "पाठवून द्या, टेम्पररी पेसमेकर तयार ठेवतो." कॅल्शियमच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही ईसीजी व्हॉट्सॲपवर टाकले. मिनिटभराने त्यांचाच फोन आला: "राहू द्या तिथेच. लघवी होतेय ना?" होत होती. डायलिसिसची पाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी 68, पी लाटा जागेवर, पोटॅशियम 5.1.

घरी सोडताना टेल्मिसार्टनची गोळी आणि डायक्लोफिनॅक कायमची बंद केली. मेटोप्रोलॉल कमी डोसने सुरू, रॅमिप्रिल आणि लघवीची गोळी क्रिएटिनिन उतरेपर्यंत थांबवली. काकूंना ते पटेना, हार्टची गोळी चुकवायची नाही असं त्यांना शहरात बजावलं होतं. तात्यांचं वेगळंच. "आख्खी पट्टी शिल्लक आहे. मेडिकलवाला परत घेईल का?" कापलेली पट्टी तो घेत नाही, म्हटलं. मग ती शेजारच्या अण्णांना देऊ का, त्यांनाही बीपी आहे, म्हणाले. पट्टी मी काढून घेतली.

आठवड्याने ते रक्त तपासायला आले तेव्हा काकूंच्या पिशवीत फाइलसोबत मिठाचा पुडा होता. पुण्याच्या लेकीने बीपीला चांगलं म्हणून धाडलेलं, कमी सोडियमचं. यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घालतात. धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाला ते बरं, जागतिक आरोग्य संघटनेनेही 2025 मध्ये त्याची शिफारस केली. मूत्रपिंड बिघडलेल्यांना मात्र वगळून. पुडा फोडलेला नव्हता.

"मग सैंधव चालेल का?" काकूंनी विचारलं.

"तेही मीठच, काकू. साधंच घाला, पण निम्मं. आणि पापड-लोणचं बंद."

"ते यांना सांगा," काकू म्हणाल्या.