सरांनी टी काढायला सांगितला

माझ्या जावा कोडच्या रिव्ह्यूत सरांनी आज एकच ओळ टाकली, 'एवढं कशाला, कास्ट कर आणि पुढे जा.' म्हणजे मी रिपोर्टच्या कोडमध्ये घातलेला टी काढ. त्यात राग नाही काही नाही, तरी मेट्रोत मरोळपासून घाटकोपरपर्यंत तेच डोक्यात.

कास्ट करायचा म्हणजे कंपायलरला, कोड चालायच्या आधी टाइप तपासणाऱ्या प्रोग्रामला, सांगायचं की तू गप्प बस, ही पीडीएफच आहे, मला माहितीये. आणि पुढे कधी कोणी तिथे एक्सेल पाठवली की ते कंपाइल करताना नाही कळणार, रात्री प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, क्लासकास्टएक्सेप्शन हा चुकीच्या टाइपचा एरर येणार तेव्हा कळणार. ते नको म्हणून तर मी सगळ्या रिपोर्टच्या पॅरेंट क्लासलाच टी दिला, टी एक्सटेंड्स डॉक्युमेंट, म्हणजे टी ही टाइपची रिकामी जागा, तिथे डॉक्युमेंटचाच एखादा प्रकार भरायचा. पीडीएफ रिपोर्ट या चाइल्ड क्लासने आपण काय परत देतो ते वर एकदा सांगायचं, मग पॅरेंटकडून आलेल्या मेथड्स, ओव्हरराइड न केलेल्या, म्हणजे चाइल्डमध्ये परत न लिहिलेल्यासुद्धा, तोच टाइप देतात. किती सुंदर आहे हे! कुणी बघितलंच नाही. एवढा जीव लावून केलेलं एका ओळीत उडतं तेव्हा खूप एकटं वाटतं. त्यात अप्रेजलचं... जाऊ दे, आज नको.

जेवण झाल्यावरही कास्ट काही डोक्यातून जाईना म्हणून जावापी हे टूल लावून बाइटकोड, म्हणजे कंपायलरने बनवलेला कोड, बघितला. टी तिथे नाहीच, इरेजरमध्ये, कंपायलर टी पुसून टाकतो त्यात, गेला, त्याच्या जागी नुसतं डॉक्युमेंट, आणि पॅरेंटची मेथड जिथे जिथे बोलावलीये तिथे कंपायलरने स्वतःच चेककास्ट, म्हणजे कास्टची सूचना, घातलाय. म्हणजे कास्ट सरांच्या कोडमध्येही असणार आणि माझ्याही, पण माझा टाइप तपासून मग घातलेला. ओव्हरराइड केलेल्या मेथडसाठी एक ब्रिज मेथडपण दिसली, डॉक्युमेंट देणारी म्हणून बोलावलं तरी माझ्याच मेथडकडे नेणारी, मी न लिहिलेली. ती बघत किती वेळ बसले.

आणि सरांचं एक खरंय. टी एकदा घेतला की पसरतो, जिथे जिथे रिपोर्ट येईल तिथे कंसात टाइप नाहीतर प्रश्नचिन्ह लिहा, नाही लिहिलं तर वॉर्निंग. आपल्याकडे रिपोर्टचे प्रकार दोनच. तेवढ्यासाठी जावा 5 मध्येच, म्हणजे 2004 पासून, साधी सोय आहे की, चाइल्डमध्ये ओव्हरराइड करताना डॉक्युमेंटऐवजी पीडीएफ रिटर्न करायचं, जेनेरिक्स, म्हणजे हे टी वगैरे, लागतच नाहीत. पॅरेंटची जी कॉमन मेथड आहे तेवढी चाइल्डमध्ये परत लिहायची, सुपरला, म्हणजे पॅरेंटच्या मूळ मेथडला, बोलवायचं, कास्ट तिथेच आत एकदा. वापरणाऱ्यापर्यंत तो जाणार नाही. चालेल मला हे.

उद्या टी काढते. पण कास्ट बाहेर प्रत्येक ठिकाणी टाक म्हणाले तर नाही म्हणणार, आणि बाइटकोड उघडून सरांना दाखवणार.